दिवाळी सरकते, मग संक्रांत का नाही?

२०२१ मध्ये लक्ष्मीपूजन ४ नोव्हेंबरला होतं. २०२२ मध्ये ते २४ ऑक्टोबरला आलं. त्या हिशेबाने २०२३ मध्ये ते ऑक्टोबरच्या मध्यावर यायला हवं होतं, पण आलं थेट १२ नोव्हेंबरला. पुढे २०२४ मध्ये १ नोव्हेंबर आणि २०२५ मध्ये २१ ऑक्टोबर. म्हणजे दिवाळी दोन वर्षं मागे मागे सरकते आणि मग एकदम पुढे उडी घेते. याच काळात मकरसंक्रांत मात्र १४ किंवा १५ जानेवारीलाच आली. दोन्ही सण आपलेच आणि दोन्ही एकाच पंचांगात छापलेले. मग एक धावतो आणि दुसरा जागचा हलत नाही, असं का?

हा प्रश्न घरोघरी विचारला जातो आणि बहुधा 'अधिक महिन्यामुळे' एवढ्या उत्तरावर थांबतो. उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच. अधिक महिना का घालावा लागतो, तो कधी ज्येष्ठाचा तर कधी श्रावणाचा का असतो, संक्रांत खरोखरच स्थिर आहे का, आणि दोन पंचांगं कधी कधी वेगळं का सांगतात, हे पुढचे प्रश्न एकात एक गुंतलेले आहेत. ते एकेक करून सोडवले की पंचांगातला कोणता भाग आकाशाने ठरवलेला आहे आणि कोणता माणसांनी, हे दिसू लागतं. या प्रकरणाचा खरा विषय तोच आहे.

१. तीन गती आणि उरणारी बाकी

काळ मोजण्यासाठी माणसाला आकाशाने तीन ठळक खुणा दिल्या. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यातून दिवस मिळतो. चंद्र पृथ्वीभोवती फिरताना एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत जातो, त्यातून महिना मिळतो. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यातून वर्ष मिळतं.

या तीन गती एकमेकींवर अवलंबून नाहीत. त्यामुळे त्यांच्या कालावधींचा एकमेकांना पूर्ण भाग जात नाही. चांद्रमास सरासरी २९.५३ दिवसांचा, म्हणजे २९ दिवस १२ तास ४४ मिनिटांचा असतो. ऋतूंचं वर्ष ३६५.२४२२ दिवसांचं असतं. आता साधा भागाकार करून पाहा. वर्षात बारा चांद्रमास बसवले तर १२ × २९.५३ म्हणजे सुमारे ३५४ दिवस होतात आणि जवळपास ११ दिवस उरतात. तेरा चांद्रमास बसवायला गेलो तर ३८४ दिवस लागतात, म्हणजे १९ दिवस कमी पडतात.

ही बाकी कोणाच्या चुकीमुळे उरलेली नाही. ती सूर्यमालेच्या रचनेतच आहे. जगात जितक्या कालगणना झाल्या, त्या सगळ्यांनी या बाकीची काही ना काही व्यवस्था लावली. व्यवस्था वेगवेगळी लावली, म्हणून कॅलेंडरं वेगवेगळी झाली.

२. बाकी सोडवण्याच्या तीन रीती

पहिली रीत अशी की चंद्राला धरायचं आणि ऋतूंना सोडून द्यायचं. इस्लामी हिजरी कालगणना अशी आहे. तिचं वर्ष बारा चांद्रमासांचं, ३५४ किंवा ३५५ दिवसांचं. उरलेले ११ दिवस ती जमेस धरत नाही. म्हणून रमजान दर वर्षी साधारण तेवढ्या दिवसांनी अलीकडे येतो. भारतात २०२३ मध्ये तो २४ मार्चला, २०२४ मध्ये १२ मार्चला आणि २०२५ मध्ये २ मार्चला सुरू झाला. सुमारे ३३ वर्षांत तो सगळ्या ऋतूंमधून एक फेरी पूर्ण करतो. त्यामुळे एकाच माणसाच्या वाट्याला उन्हाळ्यातले रोजे येतात आणि थंडीतलेही येतात.

दुसरी रीत उलटी. सूर्याला धरायचं आणि चंद्राला सोडून द्यायचं. आज जगभर चालणारं ग्रेगरियन कॅलेंडर हे करतं. त्यातले महिने २८ ते ३१ दिवसांचे आहेत आणि त्यांचा चंद्राशी संबंध राहिलेला नाही. ५ तारखेला पौर्णिमा असू शकते आणि अमावास्याही. इथे बाकी उरते ती दिवसाच्या अपूर्णांकाची. आधीच्या ज्युलियन कॅलेंडरने वर्ष ३६५.२५ दिवसांचं धरलं होतं. दर वर्षी ११ मिनिटांची ही चूक साचत गेली आणि सोळाव्या शतकापर्यंत दहा दिवसांवर पोचली. म्हणून १५८२ मध्ये पोप तेराव्या ग्रेगरीच्या आज्ञेने ४ ऑक्टोबरनंतरचा दिवस १५ ऑक्टोबर मानला गेला. शिवाय ४०० वर्षांत १०० ऐवजी ९७ लीप वर्षं घेण्याचा नियम झाला.

तिसरी रीत अवघड आहे, कारण तिला दोघांनाही सोडायचं नाही. महिना चंद्राचा ठेवायचा, पण वर्षाचा ऋतूंशी असलेला सांधाही तुटू द्यायचा नाही. ज्यू आणि चिनी परंपरांनी हीच वाट धरली आणि आपल्या पंचांगानेही हीच धरली. या रीतीत उरलेले दिवस सोडून देता येत नाहीत. ते साठवावे लागतात आणि त्यांचा पूर्ण महिना झाला की तो वर्षात घालावा लागतो. अधिक महिना तो हाच.

३. अधिक महिना कुठे घालायचा?

दर वर्षी ११ दिवस साठत गेले तर तीन वर्षांत ३३ दिवस होतात. चांद्रमास तर साडेएकोणतीस दिवसांचाच आहे. म्हणून तीन वर्षं पूर्ण होण्याच्या थोडं आधी, सरासरी साडेबत्तीस महिन्यांनी, एक अधिक महिना येतो. जावयाला ३३ अनारशांचं वाण देणाऱ्या घरांत हा आकडा सहज लक्षात राहण्यासारखा आहे.

आता दिवाळीच्या तारखा पुन्हा पाहा. ४ नोव्हेंबर ते २४ ऑक्टोबर म्हणजे ११ दिवस मागे. पुढे २०२३ मध्ये अधिक श्रावण आला. त्यामुळे ११ दिवस मागे जायच्या ऐवजी ३० दिवस मिळाले आणि ११ वजा झाले. दिवाळी १९ दिवस पुढे गेली आणि १२ नोव्हेंबरला आली. त्यानंतर पुन्हा ११ दिवस मागे, १ नोव्हेंबर. आणखी ११ दिवस मागे, २१ ऑक्टोबर. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने दिवाळी परत नोव्हेंबरात जाते. सगळी धावपळ एवढ्याच बेरीज-वजाबाकीत बसते.

पण अधिक महिना श्रावणातच का आला? तो ठरवण्याचा आपल्याकडचा नियम फार सुंदर आहे आणि कुणालाही पडताळता येण्यासारखा आहे. सूर्याच्या वार्षिक मार्गाचे बारा सारखे भाग केले, त्या बारा राशी. सूर्य एका राशीतून दुसरीत जातो ती संक्रांत. वर्षात अशा बारा संक्रांती होतात, मकरसंक्रांत ही त्यातली एक. एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंतच्या महिन्यात जी संक्रांत होईल तिच्यावरून त्या महिन्याचं नाव ठरतं. ज्यात सूर्य मेषेत जातो तो चैत्र, ज्यात वृषभेत जातो तो वैशाख, याप्रमाणे पुढचे. आणि ज्या महिन्यात एकही संक्रांत होत नाही, त्याला स्वतःचं नाव मिळत नाही. तो पुढच्या महिन्याचं नाव घेतो आणि अधिक ठरतो.

२०२३ चं उदाहरण घेऊ. सूर्य कर्केत गेला १७ जुलैच्या पहाटे. अमावास्या संपली १७ आणि १८ जुलैच्या मधल्या मध्यरात्री. पुढची अमावास्या संपली १६ ऑगस्टच्या दुपारी. सूर्य सिंहेत गेला १७ ऑगस्टला दुपारी. म्हणजे १८ जुलै ते १६ ऑगस्ट हा संपूर्ण चांद्रमास दोन संक्रांतींच्या मधोमध सापडला. त्यात संक्रांतच झाली नाही. म्हणून तो अधिक श्रावण, आणि त्यानंतरचा निज श्रावण.

या नियमामुळे आणखी एक गोष्ट आपोआप घडते. पृथ्वीची कक्षा अगदी गोल नाही. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ती सूर्याच्या सर्वांत जवळ, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर असते, आणि जुलैच्या सुरुवातीला सर्वांत दूर, सुमारे १५.२ कोटी किलोमीटरवर. जवळ असताना ती वेगाने जाते, दूर असताना संथ. त्यामुळे पृथ्वीवरून पाहताना सूर्याला मिथुन आणि कर्क ओलांडायला ३१ दिवसांहून जास्त लागतात, तर धनू आणि मकर तो साडेएकोणतीस दिवसांच्याही आत ओलांडतो. संक्रांतींमधलं अंतर मोठं असेल तिथेच एखादा चांद्रमास मधे पूर्ण मावू शकतो. म्हणून अधिक महिना ज्येष्ठ, आषाढ, श्रावण अशा महिन्यांत वारंवार येतो. पौषात तो येत नाही.

हिवाळ्यात मात्र उलटा प्रकार घडू शकतो. राशी लवकर ओलांडली जाते आणि क्वचित एकाच चांद्रमासात दोन संक्रांती होतात. तेव्हा एक महिना गळतो, तो क्षयमास. अशा वर्षी त्याच्या मागेपुढे दोन अधिक महिने येतात आणि हिशेब जुळतो. १९६३-६४ आणि १९८२-८३ मध्ये क्षयमास आला होता. पुढचा २१२३-२४ मध्ये आहे.

या सगळ्यामागे एक मोठा मेळ आहे. १९ सौर वर्षांचे दिवस होतात ६९३९.६० आणि २३५ चांद्रमासांचे दिवस होतात ६९३९.६९. फरक जेमतेम दोन तासांचा. १९ वर्षांचे नेहमीचे महिने २२८, आणि त्यात सात अधिक महिने मिळवले की २३५. ग्रीसमधल्या अथेन्सचा खगोलवेत्ता मेटन याने इसवी सनापूर्वी ४३२ मध्ये या चक्राचा उपयोग केला, म्हणून त्याला मेटनचं चक्र म्हणतात. बाबिलोनियातही ते माहीत होतं. या मेळाची प्रचीती आपल्यालाही घेता येते. २००४ मध्येही अधिक श्रावण होता आणि लक्ष्मीपूजनही १२ नोव्हेंबरलाच होतं. तुमचा तिथीने येणारा वाढदिवस आणि तारखेने येणारा वाढदिवस वयाच्या १९ व्या, ३८ व्या आणि ५७ व्या वर्षी जवळजवळ एकत्र येतात. घरातल्या कोणाचीही जन्मतिथी घेऊन हे तपासून पाहा.

४. तिथी एवढी लहरी का?

महिन्याचा प्रश्न सुटला, तरी दिवसाचा उरतो. कॅलेंडरात कधी एखादी तिथी गायब असते, तर कधी एकच तिथी दोन दिवस छापलेली असते. त्यामागेही बाकीच आहे, फक्त लहान मापाची.

तिथी ही वेळेने मोजलेली नाही, कोनाने मोजलेली आहे. अमावास्येच्या शेवटी सूर्य आणि चंद्र एका दिशेला असतात. तिथून चंद्र सूर्याच्या पुढे १२ अंश गेला की प्रतिपदा संपते, २४ अंश गेला की द्वितीया. ३६० अंशांत अशा ३० तिथी. चंद्राला हे ३० टप्पे पार करायला साडेएकोणतीस दिवस लागतात, म्हणून तिथी सरासरी २३ तास ३७ मिनिटांची, दिवसापेक्षा थोडी लहान.

पण ही सरासरी झाली. चंद्राची कक्षाही लंबगोल आहे. तो जवळ असताना भरभर जातो आणि तिथी २० तासांच्या आसपास संपते. दूर असताना रेंगाळतो आणि तिथी २६ तासांहून लांबते. आता संकेत असा, की सूर्योदयाला जी तिथी असेल तीच त्या दिवसाची तिथी. एखादी तिथी सूर्योदयानंतर सुरू होऊन पुढच्या सूर्योदयाआधीच संपली तर ती कोणत्याच दिवसाच्या वाट्याला येत नाही, तिचा क्षय होतो. एखादी दोन सूर्योदयांना स्पर्श करून गेली तर तिची वृद्धी. बारा महिन्यांच्या ३६० तिथी ३५४ सूर्योदयांवर बसवायच्या असल्याने, वर्षभरात क्षय हे वृद्धीपेक्षा साधारण सहाने जास्त असतात.

इथे एक गोष्ट नीट वेगळी करून ठेवू. चंद्र १२ अंश पुढे कधी गेला, हे आकाश ठरवतं. सूर्योदयाची तिथी ती दिवसाची तिथी, हे माणसांनी ठरवलेलं आहे.

५. संक्रांत खरोखर स्थिर आहे का?

आता सुरुवातीच्या प्रश्नाचा दुसरा भाग. संक्रांतीचा चंद्राशी काही संबंध नाही. ती सूर्य मकर राशीत जाण्याची घटना आहे. इंग्रजी कॅलेंडरही सूर्यावरच चालतं. त्यामुळे दोघांची सोबत टिकते. मृग नक्षत्र दर वर्षी ७-८ जूनला 'निघतं' तेही याच कारणाने. ते सूर्याचं नक्षत्र आहे.

१४ की १५ जानेवारी हा फरक लीप वर्षामुळे पडतो. सूर्य दर वर्षी मकरेत सुमारे सहा तास नऊ मिनिटं उशिरा शिरतो आणि लीप वर्षातला जादा दिवस ही वेळ पुन्हा मागे ओढतो. २०२४ मध्ये तो १५ जानेवारीच्या पहाटे तीनच्या सुमारास मकरेत गेला. त्या वर्षी २९ फेब्रुवारी आला, म्हणून २०२५ मध्ये वेळ मागे येऊन १४ जानेवारीच्या सकाळी नऊच्या सुमारास गेला.

पण ही ओढाताण पूर्ण बरोबरीत सुटत नाही. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा. तो दिवस मकरसंक्रांतीचा होता. पानिपतची तिसरी लढाई १४ जानेवारी १७६१ ला झाली आणि ती संक्रांतीच्या दिवशी झाली असं अनेकदा सांगितलं जातं. पण गणित मागे नेलं तर त्या वर्षी सूर्य १० जानेवारीच्या सुमारास मकरेत गेलेला दिसतो. संक्रांत तेव्हा होऊन गेली होती. आजची तारीख आपण नकळत त्या काळावर लादतो.

म्हणजे संक्रांतही सरकते. फक्त एवढी हळू, की एका आयुष्यात जेमतेम एक दिवस.

याचं कारण पृथ्वीच्या अक्षात आहे. फिरणारा भोवरा वेग कमी झाला की आपला दांडा तिरका करून एक संथ वर्तुळ काढू लागतो. तो स्वतःभोवती गरगर फिरत असतो आणि त्याच वेळी त्याचं डोकंही सावकाश घुमत असतं. पृथ्वीचंही तसंच आहे. ती विषुववृत्तापाशी थोडी फुगीर आहे. त्या फुगवट्यावर सूर्य आणि चंद्र यांची ओढ पडते आणि पृथ्वीचा कललेला अक्ष सुमारे २५,८०० वर्षांत एक फेरी घेतो. ऋतू ठरतात ते अक्षाच्या कलण्यामुळे. त्यामुळे ज्या ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर सूर्य असताना एखादा ऋतू सुरू होतो, ती जागा हळूहळू मागे सरकते. यालाच अयनचलन म्हणतात.

परिणाम असा, की वर्ष दोन प्रकारचं होतं. ऋतूंशी बांधलेलं सायन वर्ष, आणि ताऱ्यांशी बांधलेलं निरयन वर्ष. निरयन वर्ष सायन वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी मोठं असतं. इंग्रजी कॅलेंडर ऋतूंना धरून चालतं आणि आपली संक्रांत ताऱ्यांना. २० मिनिटांचा फरक साधारण ७१-७२ वर्षांत एका दिवसाचा होतो.

सूर्य खरोखर उत्तरेकडे वळतो तो २१-२२ डिसेंबरला. दिवस मोठा होऊ लागतो तेव्हापासून. साधारण सतराशे वर्षांपूर्वी उत्तरायणाचा आरंभ आणि मकरसंक्रांत एकाच दिवशी होत होते. आज त्यांच्यात तीन आठवड्यांहून जास्त अंतर पडलं आहे. मृगाचंही तेच. पाऊस ऋतूंबरोबर येतो आणि नक्षत्र ताऱ्यांबरोबर चालतं. सतराशे वर्षांपूर्वी सूर्याचं मृग नक्षत्र ऋतुमानाने पाहता मेच्या मध्यावर लागत असे. आज त्याची मोसमी पावसाशी गाठ पडते. आणखी काही शतकांनी ते पावसाच्या मागे पडू लागेल. पेरणीचे जे अडाखे आपण कायमचे समजतो, ते इतिहासाच्या एका कालखंडापुरते खरे आहेत.

हेच संथ सरकणं इतिहास शोधण्याचं साधनही होऊ शकतं. लोकमान्य टिळकांनी १८९३ च्या 'ओरायन' या ग्रंथात ते वापरलं. वसंतसंपात, म्हणजे वसंतात दिवस-रात्र समान होतात तेव्हाची सूर्याची जागा, मृग नक्षत्रात असल्याच्या खुणा वैदिक वाङ्मयात आहेत असं मांडून, त्यांनी त्या वाङ्मयाचा काळ इसवी सनापूर्वी चार हजार वर्षांच्या आसपास नेला. त्यांचा निष्कर्ष सर्वांनी मान्य केला नाही. पण आकाशाचा पुरावा इतिहासाला लावून पाहण्याची ती धीट पद्धत होती.

६. पंचांग दुरुस्त करणारी माणसं

पंचांग हजारो वर्षं जसंच्या तसं चालत आलं, असा एक समज आहे. प्रत्यक्षात ते वेळोवेळी दुरुस्त करत आणलं गेलं आहे, आणि या कामात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे.

दुरुस्ती का लागते? सूर्यसिद्धान्तात वर्ष ३६५ दिवस ६ तास १२ मिनिटं ३६ सेकंदांचं दिलं आहे. नक्षत्रांच्या संदर्भात मोजलेलं खरं वर्ष ३६५ दिवस ६ तास ९ मिनिटं १० सेकंदांचं आहे. दुर्बीण नसताना केलेल्या मोजणीत फक्त साडेतीन मिनिटांचा फरक, ही थक्क करणारी कामगिरी आहे. पण साडेतीन मिनिटंही हजार वर्षांत अडीच दिवसांच्या जवळ जातात.

कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० मध्ये 'ग्रहलाघव' लिहिला. ग्रहांच्या स्थानात त्यांनी आपल्या काळाला जुळतील अशा दुरुस्त्या केल्या आणि गणित इतकं सोपं केलं, की 'ज्या' म्हणजे साइन यांची कोष्टकं न वापरता ते करता यावं. पुढे साडेतीनशे वर्षं महाराष्ट्रातली पंचांगं बहुतेक याच ग्रंथावर चालली. एकोणिसाव्या शतकात मात्र त्यातलं गणित आकाशाशी जुळेनासं झालं होतं. अशी चूक ग्रहणात उघडी पडते, कारण सूर्यग्रहण अमावास्येच्या अंताशीच होतं आणि ते कोणालाही दिसतं.

तेव्हा केरो लक्ष्मण छत्रे यांनी नव्या युरोपीय वेधांवर आधारलेली 'ग्रहसाधनाची कोष्टके' १८६० मध्ये मराठीत आणली आणि त्यांवरून नवं पंचांगही काढलं. त्यांचे विद्यार्थी टिळक शुद्ध पंचांगाच्या चळवळीत उतरले. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ १८९६ मध्ये आला. भारतीय खगोलगणिताचा एवढा साक्षेपी इतिहास त्याआधी कोणत्याच भाषेत लिहिला गेला नव्हता, असं म्हणण्याइतकं त्याचं महत्त्व आहे. व्यंकटेश बापूजी केतकर यांनी नवं गणित जुन्या पद्धतीच्या संस्कृत ग्रंथांत मांडलं, म्हणजे पारंपरिक ज्योतिष्यांनाही ते वापरता यावं.

गणित सुधारण्यावर एकमत होऊ शकलं, कारण आकाश समोर होतं. वाद उरला तो एका वेगळ्या मुद्द्यावर. राशींचं वर्तुळ नेमकं कुठून सुरू करायचं? आकाशात तशी रेघ ओढलेली नाही. छत्रे-टिळकांच्या पक्षाने रेवतीतला एक मंद तारा आरंभ मानला. केतकरांच्या पक्षाने चित्रा ताऱ्याच्या बरोबर समोरचा बिंदू धरला. दोन्हींत सुमारे चार अंशांचं अंतर आहे, म्हणून संक्रांती चार दिवसांनी पुढेमागे होतात. संक्रांत चार दिवस सरकली की एखाद्या वर्षी अधिक महिना वेगळा ठरतो. टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत काही वर्षी गणपती इतरांच्या महिनाभर आधी बसतात, त्याचं कारण हे आहे.

स्वातंत्र्यानंतर हा गुंता देशभराच्या पातळीवर समोर आला. १९५२ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली. देशात सुमारे तीस प्रकारची पंचांगं चालू असल्याचं तिला आढळलं. समितीत नागपूरचे केशव लक्ष्मण दप्तरी आणि पुण्याचे ज. स. करंदीकर हेही होते. समितीने १९५५ मध्ये अहवाल दिला. त्यानुसार २२ मार्च १९५७ हा दिवस १ चैत्र शके १८७९ मानून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिचं वर्ष ऋतूंशी बांधलेलं आहे आणि महिन्यांचे दिवस ठरलेले आहेत. सणांसाठी मात्र समितीने चित्रापक्षाचा आरंभबिंदू स्वीकारला.

सरकारी राजपत्रावर ही तारीख आजही छापली जाते. घराघरात ती रुजली नाही, आणि त्याचं कारण या प्रकरणातच आहे. तिने चंद्राला सोडलं. सौर भाद्रपदाच्या चौथ्या दिवशी चंद्र कोणत्याही कलेचा असू शकतो. ज्या समाजाचे गणपती, कोजागिरी आणि दिवाळी चंद्राच्या कलेवर ठरतात, त्याला अशी दिनदर्शिका कचेरीपुरती पुरते, देवघरात पुरत नाही.

७. आकाशाचं काय आणि आपलं काय

२०२५ मध्ये उत्तर भारतात बहुतेकांनी २० ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन केलं आणि महाराष्ट्रात ते २१ ला झालं. त्या वेळी 'खरी दिवाळी कोणती' असा प्रश्न सगळीकडे विचारला गेला. आता आपण त्याचं उत्तर नीट शोधू शकतो. त्यासाठी पंचांगांतला कोणताही फरक तीन प्रश्नांवर तपासायचा.

पहिला प्रश्न: फरक गणिताचा आहे का? अमावास्या कधी सुरू झाली आणि कधी संपली, यावर दोघांचं एकमत आहे का? २०२५ मध्ये होतं. ती २० ऑक्टोबरला दुपारी पावणेचारच्या सुमारास सुरू झाली आणि २१ ला संध्याकाळी सहाच्या थोडं आधी संपली. चंद्र दूर होता, म्हणून ती २६ तासांहून लांब चालली. गणितात फरक असता तर दोघांपैकी एकच बरोबर असू शकला असता, आणि वेधाने तो निकाल लागला असता.

दुसरा प्रश्न: फरक आरंभबिंदूचा आहे का? इथे नव्हता. तिथीला आरंभबिंदू लागतच नाही, तिला फक्त सूर्य-चंद्रातलं अंतर लागतं. महिना किंवा संक्रांत वेगळी येत असेल तेव्हा हा प्रश्न विचारायचा. त्याचं उत्तर दुर्बिणीत मिळत नाही, ते सहमतीने ठरवावं लागतं.

तिसरा प्रश्न: फरक संकेताचा आहे का? २०२५ मध्ये तोच होता. लक्ष्मीपूजनाला प्रदोषकाळची, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या वेळची, अमावास्या हवी. २० ला ती प्रदोषकाळी पूर्ण होती, २१ ला सूर्यास्ताच्या आसपासच संपत होती. अमावास्या अशी दोन दिवसांवर विभागली गेली असता कोणता दिवस घ्यायचा, याबद्दलच्या धर्मशास्त्रातल्या वचनांचा अर्थ दोन परंपरांनी वेगळा लावला. दोघांनी तेच आकाश पाहिलं होतं.

संकेताचं याहून निर्मळ उदाहरण गोकुळाष्टमीचं. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. म्हणून आपण ती श्रावण वद्य अष्टमी म्हणतो आणि मथुरेत तीच भाद्रपद कृष्ण अष्टमी असते. महिन्याचं नाव वेगळं, रात्र तीच.

हे तीन प्रश्न पंचांगाच्या पलीकडेही उपयोगी पडतात. आधुनिक जगण्यात परंपरा आणि विज्ञान यांची गाठ पडते तेव्हा आपण बहुधा दोन टोकं गाठतो. एक बाजू जुन्यातलं सगळंच शाश्वत मानते, दुसरी सगळंच टाकाऊ ठरवते. पंचांग या दोन्ही बाजूंना खोटं पाडतं. त्यातला एक भाग मोजता येणारा आहे, तिथे मतांना जागा नाही. दुसरा भाग ठरवलेला आहे, तिथे एकाच बाजूने सत्याचा दावा करण्यात अर्थ नाही. मोजायच्या गोष्टी आपण भावनेवर सोडल्या तर चुका साचतात, आणि ठरवायच्या गोष्टींवर विज्ञानाचं नाव घेऊन भांडलो तर माणसं दुरावतात.

गणेश दैवज्ञांपासून दप्तरी-करंदीकरांपर्यंत ज्यांनी पंचांग सांभाळलं, त्यांनी ते आकाशाशी ताडून पाहिलं आणि जिथे जुळलं नाही तिथे बदललं. त्यांना परंपरेची आस्था होती म्हणूनच त्यांनी हे केलं. आज त्यांच्या इतकं गणित करण्याची आपल्यावर वेळ नाही, ते संगणक क्षणात करतो. आपल्याकडे उरलेलं काम सोपं आणि तितकंच महत्त्वाचं आहे: मुलाने 'दिवाळी या वर्षी एवढी उशिरा का?' असं विचारलं की 'असंच असतं' म्हणण्याऐवजी त्याच्याबरोबर बसून ११ दिवसांची वजाबाकी करणं.